विहिरीवरची तुळस आणि दुसरी बोअर

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही नागपूरच्या पश्चिमेकडच्या एका जुन्या लेआऊटमध्ये राहतो. प्लॉट १८०० फुटांचा, घराचा स्लॅब ९०० फुटांचा. आम्ही दोघं, मुलगा आणि सून. एप्रिल संपतासंपता आमच्या बोअरला उचक्या लागल्या, आता अर्धा तास चालली की नुसती हवा ओढते. नळाचं बिल मात्र मार्चच्या जवळपास दुप्पट. हे म्हणतात, अजून एक बोअर मारू, चांगली चारशे फूट. मुलाला समोर लॉन हवं आणि बाकीच्या अंगणात गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक). अंगणात सासूबाईंच्या वेळची विहीर आहे. वीस वर्षांपूर्वी तिच्यावर स्लॅब टाकला आणि त्यावर तुळशीवृंदावन बांधलं. मी भाजी धुतलेलं पाणी झाडांना घालते, आंघोळीचं बादलीत धरते, म्हणून घरात माझं नाव ‘बादलीवाली’ पडलंय. परवा सूनबाई म्हणाली, “आई, कंजुषीला पण लिमिट असते.” तिचा राग नाही आला, पण रात्री झोप लागली नाही. पाणी वाचवणाऱ्यांसाठी महानगरपालिकेच्या, सरकारच्या योजना असतात म्हणे. आमच्यासारख्यांना त्यातलं काय मिळेल? आणि दुसरी बोअर मारावी का?

— बादलीवाली

बादलीवाली ताई,

तुमची सही वाचून हसले, आणि हे नाव कुठून आलं ते वाचल्यावर गप्प झाले. बोअरचं आधी सांगून टाकते, कारण भाऊजींनी गाडीवाल्याला फोन केलाच असेल तर तो थांबवायला हवा. दुसरी बोअर मारू नका. वृंदावनाखालची विहीर उघडा.

पण त्याआधी ते दुप्पट बिल. त्याचा चोर घरातच आहे, आणि तो तुमच्या खिडकीत बसून घरघर करतोय.

चार माणसांच्या घराला पाणी किती लागतं? शहरांच्या पाणीपुरवठ्याचं सरकारी गणित माणशी रोज १३५ लिटर धरतं. म्हणजे चौघांचे ५४० लिटर, महिन्याचे १६ युनिट (एक युनिट म्हणजे हजार लिटर). आता कूलर. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत साधा डेझर्ट कूलर तासाला १० ते १५ लिटर पाणी उडवतो. उडवायलाच हवं त्यानं, पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेते म्हणून तर गारवा येतो. पण दोन कूलर रोज बारा-बारा तास चालले तर झाले की नाही तीनशे लिटर? महिन्याचे ९ युनिट. आणि वापर वाढला की पुढच्या युनिटचा दरही चढतो, त्यामुळे बिल वापरापेक्षा जोरात पळतं. त्यात बोअर आटल्यावर अंगण, झाडं, कार सगळं नळावर आलं असणार. तेही धरा.

कूलर बंद करा असं मी म्हणणार नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, चालू असताना नागपुरात कुणाला कूलर बंद करायला सांगणं हे सल्ल्याचं नाही, भांडणाचं काम आहे. पण टाकीतला बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता गोळा, बघा. तो नीट बसत नसेल तर टाकी भरूनही पाणी येतच राहतं आणि खिडकीबाहेर टिपटिप गळतं. बाहेरच्या भिंतीवर हिरवा-पांढरा पट्टा दिसला की समजा, महिनाभर तरी गळतंय. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला वीस लिटर. कूलरच्या गवताच्या ताट्या जुन्या झाल्या असतील, क्षार धरून कडक झाल्या असतील, तर पाणी त्यांच्यावरून ओघळतं आणि गारवाही येत नाही. तेव्हा ताट्या बदला. आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कोरडी करा. एक तर डेंग्यूच्या डासाला कूलरची टाकी फार आवडते. दुसरं, वाफ होऊन उरलेल्या पाण्यात क्षार साचतात. ते पाणी कुंड्यांना घालू नका. पोर्च धुवा, संडासात टाका.

मग मीटर. रात्री टाकी भरली की घरातले सगळे नळ बंद करा, कूलरचीही तोटी बंद करा, आणि मीटरचा आकडा लिहून ठेवा. सकाळी कुणी नळ उघडायच्या आत पुन्हा बघा. आकडा सरकलेला असेल तर गळती जमिनीखालच्या पाईपात आहे किंवा वरच्या टाकीच्या बॉलकॉकला. हे काम सूनबाईला द्या. रागवू नका, मुद्दाम सांगतेय. तुमची बादली सगळ्यांना दिसते, म्हणून ती कंजुषी वाटते. दिवसाला तीस-चाळीस लिटर वाचवणारी बादली घराला खुपते, आणि तीनशे लिटर पिणारे दोन कूलर कुणाला दिसतच नाहीत. मोबाइलमध्ये मीटरचा फोटो तिनं स्वतः काढला, दोन दिवसांची वजाबाकी स्वतः केली, की ती तुम्हाला काय म्हणते ते मला कळवा.

आंघोळीची बादली मात्र उचलू नका, ह्या वयात कंबर महाग पडते. बाथरूमचं पाणी बाहेर पडतं तिथं प्लंबरकडून एक फाटा काढून घ्या आणि कर्दळीच्या, केळीच्या वाफ्यात सोडा. कर्दळ अशा पाण्यावर मजेत वाढते. वर्धा रोडवरच्या आपल्या नीरी ह्या पर्यावरण संशोधन संस्थेनं फायटोरिड नावाची पद्धत काढली, तिचं तत्त्व हेच: गिट्टीच्या थरात कर्दळीसारखी झाडं लावायची आणि सांडपाणी त्यातून हळूहळू जाऊ द्यायचं. तुमच्या वाफ्यातून काही पिण्याचं पाणी निघणार नाही, पण केळीचा घड नक्की निघेल. स्वयंपाकघरातलं तेलकट पाणी तेवढं त्यात नको.

आता विहीर. इथं मी जरा रेंगाळणार आहे.

नागपूरच्या पश्चिमेला वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याच्याखाली काळा पाषाण. पूर्वेकडे, कळमना-पारडीच्या बाजूला, खडक वेगळा आणि त्याची गोष्टही वेगळी. तुमच्या भागातल्या काळ्या पाषाणाच्या पोटात पाणी साठत नाही. ते वरच्या मुरमात, झिजलेल्या भुसभुशीत दगडात आणि पाषाणाच्या भेगांत असतं. बोअरला भेग लागली तर लागली, नाही लागली तर चारशे फुटांवर पोचूनही कोरडी भुकटी उडते आणि पैसे तर फुटाप्रमाणे मोजलेले असतात. भेग लागली तरी त्या भेगेत पाणी येतं वरूनच. वरचा मुरूम एप्रिलमध्ये सुकला म्हणून तुमची पहिली बोअर हवा ओढतेय. शेजारी दुसरी मारली तर त्याच माठाला दुसरी तोटी बसवल्यासारखं होईल, माठात पाणी वाढणार नाही. (आणि राज्याच्या २००९च्या भूजल कायद्यानं ६० मीटरच्या, म्हणजे सुमारे दोनशे फुटांच्या पलीकडच्या विहिरीला ‘खोल विहीर’ असं वेगळं काढून ठेवलंय. इतक्या खोलातलं पाणी साठायला फार काळ लागतो. भाऊजींच्या चारशे फुटांसाठी ही माहिती.)

विहीर मात्र त्या मुरमातच असते. चारही बाजूंनी झिरपतं ते तिला मिळतं, आणि तुम्ही आत सोडलेलं पाणी त्याच वाटेनं ती जमिनीला परत देते. बोअरला एवढं मोठं तोंड नाही.

तुमच्या स्लॅबचं गणित करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. ९०० फूट म्हणजे ८४ चौरस मीटर. नागपुरात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपण हजारच धरू. झाले ८४,००० लिटर. उडालं, सांडलं, पहिल्या पावसाचं सोडून दिलं म्हणून पाचवा हिस्सा वजा करा. उरले ६७,००० लिटर, तुमच्या चौघांचा चार महिन्यांचा वापर. आज हे पाणी पाईपातून गेटाबाहेर जातं, तिथून नालीत आणि पुढे नाग नदीत. ते सगळं तुमच्याच विहिरीत राहील असं मात्र नाही हं. भूजलाला कंपाउंड वॉल नसते, थोडं शेजाऱ्याकडे जाणारच. शेजाऱ्यानंही स्लॅबचं पाणी मुरवलं तर त्याचं तुमच्याकडे येईल.

काम कसं करायचं? स्लॅबवरून उतरणारे सगळे पाईप एका पाईपात जोडायचे. त्याला खाली एक तोटी ठेवायची, जिच्यातून पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर सोडता येईल. उन्हाळाभर स्लॅबवर धूळ, पाचोळा आणि कबुतरांचा प्रसाद साचलेला असतो. पुढे गाळणीचा हौद: तळाशी मोठे दगड, त्यावर गिट्टी, वर जाड धुतलेली रेती, आणि पाणी येतं तिथं बारीक जाळी. हौदातून निघालेला पाईप विहिरीत खालपर्यंत न्यायचा, म्हणजे पाणी कडेवर आदळून माती पाडत नाही. अंगणातलं, कार धुतलेलं, बाथरूमचं पाणी ह्या पाईपात कधीच नाही.

गाळणी टाळू नका. मी टाळली होती. आमच्या ठेकेदारानं “ताई, डायरेक्ट सोडू, पावसाचंच तर पाणी आहे” म्हटलं आणि मीही मान हलवली, कारण त्यात खर्च वाचत होता. श्रावणात विहिरीचं पाणी चहासारखं झालं, वासही तसाच, पण चहाचा नाही. समोरच्या कडुनिंबाची अर्धी पानं आत पोचली होती. दिवाळीपर्यंत दोनदा उपसा केला, आणि गाळणीपेक्षा जास्त पैसे त्यातच गेले.

आत्ताचा काळ विहीर उघडायला उत्तम, कारण पाण्याची पातळी वर्षातली सगळ्यात खाली असते आणि गाळ काढणं सोपं जातं. फक्त एक, आणि हे मुलाला वाचून दाखवा: वीस वर्षं बंद असलेल्या विहिरीत कुणालाही लगेच उतरू देऊ नका. आत प्राणवायू नसतो, विषारी वायू साचलेला असू शकतो, माणूस आवाजही न करता पडतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही. झाकण उघडून दोन-तीन दिवस राहू द्या, आत हवा सोडणारा पंखा लावा, आणि काम विहिरी उपसणाऱ्या जाणत्या माणसांनाच द्या. दोर कमरेला, वर दोन माणसं. काम झालं की तोंडावर लोखंडी जाळी, कुलूप लावून.

पाणी वर आलं की ते कूलर, फ्लश, अंगण, झाडं, कपडे ह्यांना. पिण्याला नळाचंच. आणि विहिरीची लाईन नळाच्या लाईनला कुठेही जोडू देऊ नका, वेगळी छोटी टाकी ठेवा. प्लंबर म्हणतो, “एक व्हॉल्व्ह टाकून देतो.” टाकू देऊ नका. व्हॉल्व्ह बिघडला की तुमच्या विहिरीचं पाणी गल्लीच्या नळात शिरू शकतं.

योजनांबद्दल विचारलंत. खरं सांगते, स्लॅबचं पाणी मुरवायला कुणी दारात पैसे आणून देईल ह्या आशेवर पावसाळा घालवू नका. राज्याच्या बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवर नव्या बांधकामाला रेनवॉटर हार्वेस्टिंगची सक्ती आहे. तुमचा प्लॉट भरतो १६७ चौरस मीटर, त्यामुळे सक्तीही नाही. पण सक्ती नसताना केलेल्या कामाचे फोटो आणि बिलं जपा, आणि मनपाच्या तुमच्या झोन कार्यालयात करविभागाला लेखी विचारा की मालमत्ता करात त्याची सूट लागू होते का. तोंडी विचारलंत तर “साहेब जेवायला गेलेत” हे उत्तर मिळतं. अर्ज द्या, पोच घ्या.

राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय नागपुरात आहे, केंद्रीय भूजल मंडळाचंही. खडक कसा, पुनर्भरण कुठं करावं, हे तिथल्या भूवैज्ञानिकांना कळतं. नारळ हातावर उभा करून पाणी दाखवणाऱ्याला नाही. भाऊजींना एकदा तिथं पाठवा, निवृत्त माणसाचं म्हणणं निवृत्त होऊ घातलेल्या साहेबांनी खोडलेलं जास्त पटतं. केंद्रानं २०२१च्या मार्चमध्ये ‘कॅच द रेन’ मोहीम सुरू केली. तुमच्या लेआऊटचं मंडळ नोंदणीकृत असेल आणि मैदानात सार्वजनिक विहीर पडून असेल, तर तिच्या साफसफाईचं पत्र मंडळाच्या लेटरहेडवर द्या. एकट्या बाईच्या अर्जापेक्षा चाळीस सह्यांचा कागद झोनमध्ये लवकर हलतो, हा माझा अनुभव.

लॉनचं काय करायचं? मुलाला सांगा, हिरवळ मे महिन्यात एका चौरस मीटरला रोज सहा लिटर तरी मागते. ३०० फुटांचं लॉन म्हणजे रोज दीडशे लिटरच्या वर, म्हणजे रोज बारा तास चालणारा अजून एक कूलर. एवढं करून आपल्या उन्हात ते पिवळंच दिसणार. त्यापेक्षा मोगरा, तगर, कण्हेर, जास्वंद, अडुळसा, कढीपत्ता, कोपऱ्यात शेवगा. वनविभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत पावसाळ्याच्या तोंडावर सवलतीच्या दरात रोपं मिळतात. पहिला चांगला पाऊस झाल्यावर लावा, म्हणजे चार महिने पाणी घालायचा प्रश्नच नाही.

झाडांना रोज पाणी लागतं हा समजही सोडा. काटोल-वरुडचा संत्रा बागायतदार मृग बहारासाठी ऐन उन्हाळ्यात बागेचं पाणी मुद्दाम तोडतो, झाडाला ताण देतो, आणि मृगाचा पाऊस पडला की तेच झाड फुलांनी लगडतं. तुमच्या लिंबाला दिवसाआड पाणी मिळालं म्हणून ते मरत नाही. आळं मोठं करा, खोडापासून हातभर लांब. त्यात कडुनिंबाचा पाचोळा चार बोटं जाडीनं पसरा. मार्चमध्ये तो झाडून जाळलात ना? लेआऊटमध्ये सगळे जाळतात, पुढच्या वर्षी शेजाऱ्यांचाही मागून आणा. दरवर्षी नवा माठ आणता तेव्हा जुना आळ्यात गळ्यापर्यंत पुरा. जुन्या माठाची छिद्रं बुजलेली असतात, म्हणून तळाला बारीक भोक पाडून त्यात सुताची वात घाला. एकदा भरलेला माठ दोन-तीन दिवस मुळांना पाणी देतो. संध्याकाळी भरा, उन्हात नको.

आणि गट्टू. नागपूरचे सिमेंट रस्ते वर-वर येत गेले आणि जुन्या घरांची अंगणं खाली राहिली. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तेव्हा कुणाच्या घरात किती पाणी शिरलं ते तुमच्या मुलाच्याही लक्षात असेल. अंगण पूर्ण झाकलं तर तुमच्या स्लॅबचं, अंगणाचं आणि रस्त्याचं पाणी पोर्चमध्ये भेटेल. कारच्या दोन चाकांपुरत्या दोन पट्ट्या करा, मधे माती राहू द्या. कार धुवायला पाईप नको, बादली आणि फडकं. ही बादली मात्र मुलाच्या हातात, तुमच्या नको.

भाऊजी म्हणतील, पेंच नदीचं धरण आहे की, एवढी कसली काळजी. पेंचच्या तोतलाडोह धरणाचं पाणी खाली नवेगाव खैरीला येतं आणि तिथून आपल्या नळाला. २०१९च्या जुलैमध्ये तोतलाडोह तळाला गेला आणि नागपूरला दिवसाआड पाणी आलं होतं, भर पावसाळ्यात. तेव्हा गल्लीतल्या ज्यांच्या विहिरी उघड्या होत्या त्यांच्याकडे बाकीचे बादल्या घेऊन गेले होते. तुमच्या घरातल्या कुणाला जावं लागलं होतं, ते आठवून बघा.

घरात आरओ असेल तर नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, एकदा मोजून घ्या. ५००च्या आत असेल तर आरओची गरज नाही, साधा यूव्ही फिल्टर पुरतो. आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर नालीत सोडतो. फ्लशची टाकी जुनी, मोठी असेल तर पाण्यानं भरलेली लिटरची बाटली आत उभी करा, वीट नको, ती विरघळून बॉलकॉक अडकवते.

राहिली तुळस. तुमचं पत्र वाचताना मला वाटलं, विहीर उघडायला घरात आडवं येतंय ते वृंदावनच, कुणी बोलत नाही एवढंच. ते हलवायची गरज बहुधा पडणार नाही. स्लॅबच्या मोकळ्या कोपऱ्यात दोन बाय दोनचं झाकण कापता येतं, पाईप आणि पंप तिथूनच आत जातात. पण आधी मिस्त्रीला स्लॅब ठोकून बघायला सांगा. वीस वर्षं खालून वाफ खाल्लेल्या सळया गंजतात, आणि वृंदावनाचं वजन वर आहे. तुम्ही रोज सकाळी त्याच्यावरून प्रदक्षिणा घालत असाल तर हे काम विहिरीच्याही आधीचं. स्लॅब कुजला असेल तर वृंदावन उतरवावंच लागेल. त्यासाठी आजच तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या चोळून बी काढून ठेवा आणि एका कुंडीत पेरा. मृगाचे चार शिंतोडे पडले की आठवड्या-दोन आठवड्यांत रोप वर येतं.